दातांचे त्रिमित चित्र

रात्री दिव्यासमोर दोन पेन्सिली एकीमागे एक अशा उभ्या धरून पाहा. भिंतीवर सावली पडते ती एकीचीच. दोन्ही चिकटलेल्या आहेत की त्यांच्यात बोटभर अंतर आहे, हे सावलीवरून कळत नाही. गुरुजींनी वर्गात हा प्रयोग जरूर दाखवावा. दातांच्या नेहमीच्या एक्स-रेची अडचण नेमकी हीच आहे.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि १८९६ च्या जानेवारीतच जर्मनीतील वाल्कहॉफ यांनी दातांचे छायाचित्र घेतले. त्याला तब्बल २५ मिनिटे लागली! आज ते काम क्षणात होते. पण शेवटी ती सावलीच.

आता खालची अक्कलदाढ घ्या. तिच्या मुळांजवळ, जबड्याच्या हाडातल्या बारीक बोगद्यातून एक नस जाते. खालच्या ओठाची आणि हनुवटीची जाणीव तिच्यामुळे असते. दाढ काढताना ही नस दुखावली तर ओठ बधिर होतो. बहुतेकांचा तो हळूहळू बरा होतो, क्वचित एखाद्याचा कायमचा तसाच राहतो. एक्स-रेत मूळ आणि नस एकावर एक दिसली, तर नस मुळाच्या कोणत्या बाजूला आहे, चिकटून आहे की दूर, हे डॉक्टरांनी ओळखायचे कसे?

दिवा बाजूला सरकवा. पेन्सिलींच्या सावल्या वेगळ्या होतील. त्रिमित चित्राचे यंत्र हेच करते. शंकूच्या आकाराचा किरणझोत टाकीत ते डोक्याभोवती फिरते आणि थोड्या सेकंदांत शेकडो चित्रे घेते. संगणक ती जुळवतो. मग काकडीच्या चकत्या कराव्यात, तसा जबडा हवा तिथे कापून पडद्यावर पाहता येतो. १९९० नंतरच्या दशकात इटली आणि जपानमध्ये हे तंत्र दातांसाठी पुढे आले. कृत्रिम दात हाडात बसवण्याआधी हाडाची उंची-रुंदी मोजायलाही ते उपयोगी पडते.

मग प्रत्येकाने असे चित्र काढावे काय? मुळीच नाही. साध्या किडीला साधा एक्स-रे पुरतो. त्रिमित चित्रात किरणांची मात्रा एका दाताच्या एक्स-रेहून पुष्कळ जास्त असते आणि खर्चही अधिक. मुलांच्या बाबतीत तर विशेष जपावे. गरोदर बाईने आपली अवस्था आधी सांगावी.

डॉक्टरांनी हे चित्र सुचवले, तर संकोच न करता एवढेच विचारा : “याने माझ्या उपचारात काय फरक पडेल?” समाधानकारक उत्तर मिळाले तर चित्र अवश्य काढावे, नाही तर साधी सावली पुरेशी आहे.