जीपला सॉलिड फ्रंट अ‍ॅक्सल बसवायचा? पैसे देण्याआधी हे गणित करा

जीप राइडच्या धंद्यावरच्या व्हिडिओत मी सॉलिड अ‍ॅक्सलचं गणित फळ्यावर फार भरभर केलं. इथे नीट मांडतो, कारण या एका खर्चात नवा धंदा सुरू होण्याआधीच बसू शकतो.

समजा तुमच्याकडे जुनी थार सीआरडीई आहे. डोंगरात पर्यटकांना राइड द्यायच्या आहेत. गॅरेजवाला म्हणतो, "दादा, पुढचं इंडिपेंडंट सस्पेन्शन काढून टाका, सॉलिड अ‍ॅक्सल बसवू. गाडी कुठेही चढेल." तो खोटं बोलत नाही. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असतात. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, म्हणून जमिनीवरची पकड टिकते. इंडिपेंडंटमध्ये चाक वर दबलं की गाडीचं पोट जमिनीकडे येतं. शिवाय मोठे टायर लावून, स्टिअरिंग पूर्ण वळवून एक्सलरेटर दाबला की सीव्ही जॉइंट तुटण्याची भीती. जिप्सीला पुढेमागे सॉलिड अ‍ॅक्सल होते, जिम्नीलाही आहेत. २०२० च्या नव्या थारला मात्र पुढे इंडिपेंडंटच आहे, कारण ती हायवेवरही नीट चालायला हवी.

आता काय जातं ते बघा. रस्त्यावरचा आराम कमी होतो. काम कच्चं झालं तर स्पीडला स्टिअरिंग थरथरतं. मागे बसलेल्या आजी-आजोबांना आणि लहान मुलांना ही गाडी जास्त आपटते. तुमचं गिऱ्हाईक कोण आहे, हे इथेच ठरवायला लागतं.

पैशांच्या आधी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीत आणि कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "सगळे करतात, कोणी पकडत नाही" हे मीही ऐकलंय. पण तुम्ही भाडं घेऊन माणसं बसवणार आहात. त्यासाठी पिवळी नंबर प्लेट, परमिट, फिटनेस लागतं. फिटनेसला गाडी अडली की धंदा उभा. आणि अपघात झाला, विमा कंपनीने न कळवलेला बदल दाखवून क्लेम नाकारला, तर नुकसानभरपाई तुमच्या घरावर येते. दंडाचं मला तेवढं वाटत नाही, याची भीती वाटते.

म्हणजे रस्त्यावर धावणाऱ्या, भाड्याच्या गाडीसाठी माझं उत्तर सरळ "नाही" आहे. पुढचं गणित फक्त त्यांच्यासाठी, ज्यांची गाडी खासगी जागेतल्या ट्रॅकवरच चालणार आहे आणि तिथपर्यंत ट्रेलरवरून जाणार आहे.

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. कोटेशन ३,००,००० रुपये. एका राइडमागे डिझेल, ड्रायव्हर, जागेचं भाडं जाऊन १,००० उरतात. रोज दोन राइड. बहुतेक जण इथे म्हणतात, तीन लाख भागिले हजार, ३०० राइड, म्हणजे १५० दिवसांत वसूल! चूक. त्या ३०० राइड जुन्या अ‍ॅक्सलवरही झाल्या असत्या. नव्या अ‍ॅक्सलच्या खात्यात फक्त त्याच्यामुळे वाढलेला पैसा धरायचा.

आधी खर्च पूर्ण धरा. गाडी ३० दिवस गॅरेजमध्ये राहिली तर ६०,००० बुडाले. एकूण ३,६०,०००. (काम सीझन नसताना केलं तर हा आकडा खाली येतो, म्हणून ऐन सीझनमध्ये गाडी खोलू नका.) आता फायदा. समजा वर्षातून दोनदा जॉइंट तुटायचा. दर वेळी पार्ट आणि मजुरी १०,०००, वर दोन दिवस धंदा बंद म्हणून ४,०००. वर्षाला २८,००० वाचले. या हिशोबाने पैसे वसूल व्हायला जवळजवळ तेरा वर्षं!

चित्र बदलतं ते गिऱ्हाईक बदललं तर. समजा अवघड ट्रॅकसाठी वर्षाला ४० राइड नव्याने मिळाल्या आणि प्रत्येकीत २,५०० उरले. एक लाख अधिक २८,०००. तीन वर्षांच्या आत पैसे परत. पण तेच ४० लोक आधी साधी राइड घेत असतील, तर वाढ २,५०० ची नाही, १,५०० चीच. मग चार वर्षांहून थोडं जास्त. म्हणून अ‍ॅक्सलच्या आधी ट्रॅकचा बोर्ड लावा, दर लिहा, किती जण अ‍ॅडव्हान्स देतात ते बघा. "भारी आहे, येऊ आम्ही" म्हणणाऱ्यांना मोजू नका.

तोवर स्वस्तातलं करून बघा. चांगले टायर, ट्रॅकवर हवा कमी करणं आणि परतताना भरायला छोटा कॉम्प्रेसर, पोटाखाली जाड पत्रा, आणि एक सीव्ही शाफ्ट कायम स्पेअरमध्ये. २०१५ नंतरच्या सीआरडीईला मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे. ते नीट वापरायला ड्रायव्हरला शिकवलं तरी पुष्कळ काम भागतं. सॉलिड अ‍ॅक्सल हवाच असेल तर थार विकून कंपनीतूनच तसा आलेला पर्याय किती फरकाने मिळतो, तेही विचारा. त्यात आरसीची भानगड नाही.

एवढं करूनही कोटेशन घ्यायचं ठरलं, तर नुसत्या अ‍ॅक्सलचा भाव घेऊ नका. त्यात स्प्रिंग किंवा पाटे, स्टिअरिंगच्या दांड्या, पुढचा प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचे पाइप, चासीवरचं वेल्डिंग आणि अलाइनमेंट हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. पुढच्या-मागच्या डिफचा रेशो एकच आहे ना, हे लेखी घ्या. तो जुळला नाही तर फोर व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केसवर ताण येतो आणि तिथे नवं बिल उभं राहतं. शेवटचा हप्ता गाडी ट्रॅकवर चालवून, खाली वाकून वेल्डिंग बघून मगच द्या.