बर्नार इनो नावाचं रागीट प्रकरण

एप्रिल 1980. बेल्जियममधली लिएज–बास्तोन–लिएज सायकल शर्यत सुरू झाली आणि थोड्याच वेळात बर्फ पडू लागला. रस्ता दिसेना, ब्रेकवर बोटं वळेनात. 174 जण निघाले होते, पण बघता बघता त्यांतले कितीतरी संघाच्या उबदार गाड्यांत शिरून मोकळे झाले. 25 वर्षांचा बर्नार इनोही त्याच विचारात होता. पुढे हवा सुधारली नाही तर सायकल सोडायची, असं त्याने ठरवलं होतं. हवा जरा सुधारली. मग त्याचा प्रशिक्षक सिरिल गिमार याने फर्मावलं की रेनकोट काढ, खरी शर्यत आता सुरू होतेय. रेनकोट गेल्यावर अंगात ऊब आणायला एकच उपाय उरला, तो म्हणजे जोरात पाय मारायचे. शेवटचे सुमारे 80 किलोमीटर तो एकटा होता. दुसरा आलेला हेनी काउपर नऊ मिनिटांहून जास्त मागे राहिला. शर्यत पुरी केली फक्त 21 जणांनी. इनोच्या दोन बोटांना मात्र कायमची इजा झाली.

ब्रिटनीतल्या इफिन्याक गावात 1954 साली जन्मलेल्या या माणसाने टूर द फ्रान्स पाचदा जिंकली: 1978, 79, 81, 82 आणि 85. इटली आणि स्पेनच्या मोठ्या शर्यती धरल्या तर आकडा दहावर जातो. पण आकड्यांपेक्षा त्याचा स्वभाव जास्त बोलका. टोपणनाव ‘ब्लेरो’, म्हणजे कोंडीत सापडला की उलटून चावणारा बॅजर. 1978 ची त्याची पहिलीच टूर. लांबलचक दिवसांना आणि अपुऱ्या झोपेला वैतागून सायकलपटूंनी संप केला आणि वालांस दाजां गावात सायकली हाताने ढकलत चालत आले. सर्वांत पुढे हा नवखा, छाती काढून. 1984 च्या पॅरिस–नीस शर्यतीत उलटा प्रकार घडला. जहाजबांधणी कारखान्याच्या कामगारांनी रस्ता अडवला, तर हा थेट गर्दीत घुसून ठोसे मारू लागला. संप आपला असला की न्याय्य!

1986 च्या टूरची गोष्ट मात्र मला पचत नाही. आदल्या वर्षी ग्रेग लेमाँने त्याला जिंकायला मदत केली होती, आणि पुढल्या वर्षी तुला मदत करीन, असा शब्द इनोने दिला होता. प्रत्यक्षात तो आपल्याच संघातल्या लेमाँवर चढाया करत राहिला. त्याचा खुलासा असा की मी त्याला कणखर करत होतो. आल्प द्युएझच्या घाटमाथ्यावर दोघं हसत, एकमेकांना धरून आले. टूर जिंकली लेमाँने.

त्याच वर्षअखेरीस, 32 व्या वर्षी, इनोने शर्यती सोडल्या आणि ब्रिटनीत शेती धरली. त्याच्यानंतर एकाही फ्रेंच माणसाला टूर जिंकता आलेली नाही. तो स्वतः मात्र पुढे बरीच वर्षं विजेत्यांच्या सत्काराच्या मंचावर आयोजकांच्या वतीने पाहुणचार सांभाळत उभा असायचा. 2008 मध्ये नाँतला एक निदर्शक त्या मंचावर चढला. त्रेपन्न वर्षांच्या इनोने, अंगात कोट असतानाच, त्याला सरळ खाली ढकलून दिलं.