झिजलेल्या फरशीची मरामत

जमीन सारवणे हा ज्या घरांचा नित्यविधी होता, त्या घरांना फरशी झिजण्याची चिंता कधी पडली नाही. कारण सारवलेली जमीन पायाखाली रोज झिजे आणि सणावाराला पुन्हा नवी होई. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट आणि बालाघाटाच्या मुलखातील त्याच्यासारखी कित्येक गावे यांची जुनी वस्ती अशाच माळवदी घरांची. ज्यांची ऐपत अधिक, त्यांनी ओसरीला व बैठकीला शहाबादी घातली. आणि शहाबाद व बीड ही दोन्ही ठिकाणे त्या काळी निजामाच्या एकाच अमलाखाली असल्यामुळे तो दगड कोणाला परमुलखातला वाटला नाही. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने दगडमातीच्या भिंतींवरचा मराठवाड्याचा विश्वास डळमळला, सिमेंटची घरे वाढली, आणि त्या घरांबरोबर गुजरातेतील मोरबीच्या भट्ट्यांतून निघालेली चकचकीत ‘स्टाईल फरशी’ न्हाणीत, ओट्यामागे आणि देवघराच्या भिंतीवर येऊन बसली. आता तिचीही वर्षे भरत आली असून, ऐन दिवाळीच्या साफसफाईत ती पांढुरकी, डागाळलेली, निस्तेज दिसू लागली म्हणजे तिचे गेलेले पाणी परत आणता येईल काय, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो.

त्याचे प्रामाणिक उत्तर देण्यापूर्वी या जिनसाची घडण ध्यानी घेतली पाहिजे. शहाबादी हा अंतर्बाह्य एकच दगड आहे. ती घासावी, पुन्हा गुळगुळीत करावी. मोझेइकला यंत्र लावून वरचा थर उतरविला, तरी खाली तेच खडे आणि तेच सिमेंट. स्वदेशीच्या प्रेरणेने १९२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारत टाइल्सच्या रंगीत सिमेंटच्या फरश्या आजही जुन्या घरांतून पायाखाली आहेत. त्यांच्या नक्षीचा रंग काही मिलिमीटर खोल असल्यामुळे घासून त्यांचा जीर्णोद्धार करता येतो. सिरॅमिक फरशीची गोष्ट निराळी. दाबून घडविलेल्या मातीच्या पाटीवर काचेचा लेप देऊन ती हजार अंशांहून अधिक उष्णतेत भाजतात, आणि तो लेप मिलिमीटरचा केवळ काही अंश जाड असतो. तिचा रंग, तिची चकाकी आणि पाण्यापासून तिचे संरक्षण, ही सारी मालमत्ता त्या पातळ काचेत साठविलेली असते. ती काच एकदा झिजली की पुन्हा घडविणे भट्टीवाचून शक्य नाही. म्हणून ‘घरच्या घरी जुन्या टाइल्सना नवी चमक’ असे सांगणारा विक्रेता एक तर मळ काढीत असतो, नाही तर वरून पातळ पापुद्रा चढवीत असतो.

तथापि या काचेचे सामर्थ्य कमी लेखू नये. बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये बिदरला बांधविलेल्या मदरशाची दर्शनी बाजू इराणी पद्धतीच्या निळ्या-पांढऱ्या काचलेपी फरश्यांनी मढविली होती. पुढे झालेल्या एका स्फोटाने व काळाने तिचा बराच भाग नाहीसा केला, पण जे तुकडे भिंतीला धरून राहिले त्यांचा निळा रंग पाच शतकांहून अधिक ऊनपाऊस खाऊनही ओळखू येतो. भिंतीवर कोणी चालत नाही, हे खरेच. परंतु ऊनपावसाने जे साधले नाही ते आपल्या न्हाणीत दहा वर्षांत का घडावे, हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

माझे मत असे, की झिजली म्हणून ठरविलेल्या फरश्यांपैकी पुष्कळशा झिजलेल्याच नसतात. त्यांच्यावर काही तरी साचलेले असते. काळ्या पाषाणाच्या मुलखातील बोअरचे पाणी बहुधा जड. त्यात विरघळलेला चुना व मॅग्नेशियम पाणी वाळताच फरशीवर बसतात आणि दर दिवशीच्या आंघोळीगणिक त्यांचे पांढरे कवच वाढत जाते. साबणाचा अंश त्यात मिसळला की ते कवच अधिक चिवट होते. स्वयंपाकघरात ओट्यामागे फोडणीच्या वाफेचा चिकट थर, आणि जमिनीवर, विशेषतः हंडे-कळशा सरकविण्याच्या जागी, करड्या रेघा. या रेघांना लोक चरे समजतात. वस्तुतः बहुतेक वेळा भांड्याचा धातूच काचेवर घासून उमटलेला असतो.

परीक्षा सोपी आहे. कोरड्या, स्वच्छ फरशीवर पाण्याचा थेंब ठेवून पाच मिनिटे थांबावे. थेंब पुसल्यावर जागा होती तशी दिसली, तर काच शाबूत आहे. ओला काळसर डाग उरला, तर पाणी आतल्या मातीपर्यंत पोचले, म्हणजे लेप गेला किंवा त्याला सूक्ष्म भेगा पडल्या. दुसरी खूण शिसपेन्सिलीची: रेघ ओढून ओल्या फडक्याने पुसावी, गुळगुळीत काचेवरून ती निघते, खडबडीत झालेल्या पृष्ठभागात ती अडकून बसते.

क्षाराच्या कवचाला अम्ल पाहिजे, पण कोणते, यात सारे मर्म आहे. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबाचे सत्त्व, किंवा पांढरा शिरका, एवढे पुरते. आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्यावेत, म्हणजे ते अम्ल शोषीत नाहीत. मग द्रावण लावून दहा मिनिटे थांबावे, नायलॉनच्या घासणीने घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. बारीक बुडबुडे दिसले तर चुना विरघळतो आहे असे समजावे. तेलकट थराला अम्लाचा उपयोग नाही. त्याला धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी. धातूच्या रेघांना ओल्या फडक्यावर घेतलेली ऑक्झॅलिक अम्लाची पूड, हातमोजे घालून.

याउलट हार्डवेअरच्या दुकानात बाटलीने मिळणारे ‘ॲसिड’ ही बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक अम्लाची जात. ते कवच क्षणात उडविते, हे मान्य. पण त्याबरोबर सांध्यातील सिमेंट खाते, नळ आणि लोखंडी चौकट गंजविते, श्वासाला अपाय करते, आणि ब्लीचिंग पावडरीत मिसळले तर क्लोरिन हा विषारी वायू निर्माण करते. कित्येक न्हाण्यांचे खरे म्हातारपण या बाटलीतून आलेले आहे. सांधे पोकळ झाले की पाणी फरशीखाली उतरते, मसाला सुटतो, आणि नाण्याने ठोकताच फरशी भदभद वाजू लागते.

एवढ्यासाठी मरामतीचा खरा लाभ सांध्यांत आहे. जुना, काळवंडलेला सांधा अणकुचीदार हत्याराने फरशीच्या जाडीच्या अर्ध्याहून अधिक खोल कोरून काढावा. वरवर नवे भरण चोपडले तर ते चार महिन्यांत सुटते. गवंडी सहसा व्हाइट सिमेंट भरतो, परंतु ते आकसते आणि त्याला तडे जातात; तयार ग्राऊट किंचित महाग असले तरी टिकते, आणि न्हाणीसाठी एपॉक्सीचे ग्राऊट डाग धरीत नाही. रबरी पट्टीने तिरके ओढीत भरावे, ओलसर स्पंजाने पुसावे. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात व घरे महिनोन्‌महिने कुलूपबंद राहतात. परतल्यावर उन्हाळ्यात काम काढायचे, तर ते तिसऱ्या प्रहरानंतर काढावे आणि भरलेल्या सांध्यांवर ओले फडके घालावे, कारण वैशाखाच्या झळीत सिमेंट घट्ट होण्याआधीच सुकते.

थेंबाच्या परीक्षेत नापास झालेल्या भिंतीवरील फरशीला दोन भागांचा एपॉक्सी रंग देता येतो. प्रथम तेलाचा अंश पूर्ण घालवावा, बारीक पॉलिश पेपरने घासून तकाकी मारावी, दिवसभर वाळू द्यावे, आणि मग दोन पातळ हात मारावेत. रंग पूर्ण पक्का होण्यास आठवडाभर लागतो. म्हणजे धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी हा खटाटोप आरंभणे व्यर्थ. जमिनीवर मात्र असला रंग पायाखाली फार टिकत नाही. कोपऱ्याचा टवका उडाला असेल तर एम-सील भरून, घासून, वर जुळता इनॅमल लावावा. जवळून पाहणाऱ्याला तो दिसेल, पण मातीत पाणी शिरणार नाही.

जी फरशी फुटली किंवा भदभद वाजते, ती बदलणेच किफायतशीर. चारही बाजूंचे सांधे आधी मोकळे करावेत, छन्नी मध्यभागी लावून कडेकडे यावे, नाही तर शेजारची फरशीही गमवावी लागते. नवी भिंतीची फरशी सिमेंटात बसवायची तर बुडबुडे येणे थांबेपर्यंत पाण्यात भिजत घालावी. चिकटविण्याच्या तयार मसाल्याने बसवायची तर कोरडीच ठेवावी. नवी फरशी आणायची कोठून, ही खरी अडचण. मोरबीचे कारखाने नक्षी सतत बदलीत असतात आणि एकाच नक्षीच्या दोन भट्ट्यांतही रंगात फरक पडतो, म्हणून घर बांधतानाच खोक्यावरच्या छटेच्या क्रमांकासह चार फरश्या माळ्यावर ठेवणारा गृहस्थ शहाणा. ज्याने ठेवल्या नाहीत, त्याने सिलिंडरमागची किंवा कपाटाखालची अखंड फरशी हलक्या हाताने काढून दर्शनी जागी बसवावी आणि बाजारातली निराळ्या छटेची तिच्या जागी लावावी. सिलिंडर तिथून हलेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.