टबाचा कठडा, मोरीचा उंबरा

लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या बाथटबांत मी आजवर बरंच काही पाहिलं आहे. ओल्या छत्र्या, लाइट जाणार म्हणून भरून ठेवलेलं पाणी, आषाढात वाळायचं नाव न घेणारे टॉवेल. आणि तुंगार्लीच्या एका बंगल्यात चक्क आंब्याची अढी, पेंढ्यात नीट लावलेली. माळी म्हणाला, "उंदरांना कठडा चढता येत नाही." टब इतका मनापासून वापरलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

तेव्हा हसलो. उंदराला अडवणारा कठडा म्हाताऱ्या माणसालाही अडवतो, हे दोन वर्षांनी आत्यामुळे कळलं.

आत्या नाणे मावळातली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघे गेलेले, डावा पाय थोडा ओढत चालते. गावाकडच्या मोरीत शेवाळावरून घसरली. हाड मोडलं नाही, पण आतेभावाने हाय खाल्ली आणि तिला लोणावळ्याला आपल्याकडे आणलं. त्याचं घर जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, आणि न्हाणीघरात भिंतीला लागून टब. टबाचा कठडा साधारण दीड फूट उंच. आत्याने पहिल्याच दिवशी तो पाहिला आणि म्हणाली, "ही गुरांची दावण इथं कुणी घातली?"

मग आतेभावाचा मला फोन. "दादा, दाराचा टब म्हणून एक प्रकार असतो. आईला पाय उचलायला नको. मुलीने अमेरिकेतून व्हिडिओ पाठवलाय. घेऊ का?"

दाराचा टब दिसतो मोठा राजेशाही. एका बाजूला कपाटासारखं दार, तीन-चार इंचांची पायरी, आत खुर्चीच्या उंचीची बैठक, हाताशी दांडी. सांध्यांना ऊब मिळते, पाण्यात अंगाचं वजन हलकं होतं, मान ताठ ठेवून बसता येतं. हे सगळं खरं. व्हिडिओत एक गोष्ट मात्र झटकन सरकते. दार पाण्यात उघडत नाही. म्हणजे कोरड्या टबात उघड्या अंगाने जाऊन बसायचं, दार लावायचं, मग नळ सोडायचा. आंघोळ झाली की ओल्या अंगाने तसंच बसून राहायचं, सगळं पाणी निघून जाईपर्यंत. मध्ये चक्कर आली, तर बाहेरच्याला दार उघडता येत नाही.

मी आतेभावाकडे जाऊन नळाखाली बादली लावली आणि घड्याळ पाहिलं. मिनिटाला दहा लिटर. असा टब छातीपर्यंत भरायला दोनशे लिटर धरले तरी वीस मिनिटं झाली. श्रावणात लोणावळ्याची हवा कशी असते, हे ज्याने हाडांत अनुभवलंय त्याला वीस मिनिटं म्हणजे काय ते सांगायला नको. आता गरम पाण्याचा हिशेब. घरात पंचवीस लिटरचा गिझर. त्यातलं साठ अंशांचं पाणी वीस अंशांच्या पाण्यात विसणलं, तर चाळीस अंशांचं पाणी होतं पन्नास लिटर. पाव टब. पूर्ण भरायचा तर असे चार गिझर, आणि एका आंघोळीला साडेचार-पाच युनिट वीज. बादलीभर पाण्याला अर्धं युनिट पुरतं.

तिसरा हिशेब स्लॅबचा. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापराचा भार धरून बांधतात. इथे चौरस मीटरभर जागेत नुसतं पाणीच दोनशे किलो, वर टब, वर माणूस. तळमजल्यावर एक वेळ चालेल. जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, जिथे पावसाळ्यात आधीच गळतं, तिथे इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही. विक्रेत्याने एवढं काहीच विचारलं नव्हतं. दोन लाखांच्या पुढचा आकडा मात्र व्हॉट्सअपवर लगेच आला.

आपल्याकडे टब नव्हताच असं नाही. घंगाळ होतं. पण त्यात पाण्याने बसायचं, माणसाने नाही. बंबातलं कढत पाणी घंगाळात, वर विसण, शेजारी पाट किंवा घासलेला दगड, आणि तांब्याने अंगावर घ्यायचं. वाहतं पाणी ते स्वच्छ, साचलेलं ते उष्टं, हा हिशेब आपल्या अंगात इतका मुरलेला आहे की टबात बसून स्वतःचाच मळ अंगाला लावून घ्यायचा, ही कल्पना आत्याला किळसवाणी वाटली. मला तिचं पटतं. युरोपातल्या टबामागे थंडी आहे, आपल्या मोरीमागे उतार आहे.

टबात बसण्याची एक रीत पुणे जिल्ह्यात आली ती उपचार म्हणून. लायप्झिगच्या लुई कूने यांनी कटिस्नानाचा प्रसार केला, गांधीजींनी ते दक्षिण आफ्रिकेत स्वतःवर करून पाहिलं, आणि १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकातही त्याची कृती दिली. १९४६ मध्ये उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. लोणावळ्यात तर स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम १९२४ पासून आहे, आणि तिथेही योगाच्या जोडीने निसर्गोपचार चालतात. पण कटिस्नानाचा टब बसका असतो. कंबर पाण्यात, पाय बाहेर. उतरणं सोपं, उठणं अवघड. तिथे उठवायला माणूस असतो. घरी पहाटे कोण असतं?

तेव्हा टब निवडण्याआधी न्हाणीघर पाहावं. आमच्याकडे तर खरी चूक टबाच्याही अलीकडे होती, दारातच. पाणी खोलीत येऊ नये म्हणून घातलेला चार इंचांचा उंबरा. त्यावरून आत्या रोज भिंत धरून जायची, आणि पडता पडता जे हाताला लागेल ते धरायची. लागायचा टॉवेलचा दांडा. टॉवेलचा दांडा टॉवेलसाठीच असतो. दोन बारक्या स्क्रूंवर तो माणूस पेलत नाही. रबरी चकतीने टाइलला चिकटणारे हँडलही तसेच. दिसतात भक्कम, सांध्यावर बसले की हवा धरतात आणि नेमके जोर दिल्यावर सुटतात. आधाराचा दांडा हवा तो मुठीत मावेल एवढा जाड, खरबरीत, आणि टाइलच्या मागे विटेत खोल रोवलेला. चार इंची पडदीभिंत असेल तर बोल्ट आरपार काढून मागून पट्टी लावावी. आमच्या प्लंबरने आधी "एवढं काही लागत नाही" म्हटलं. मग मी नव्वद किलोचा माणूस दांड्याला लोंबकळलो, तेव्हा त्याने मुकाट्याने पुन्हा ड्रिल काढलं.

ज्यांना टब काढणं शक्यच नाही, भाड्याचं घर आहे किंवा फोडाफोडीला घरमालक तयार नाही, त्यांच्यासाठी चार पायांचा सरकता बाक मिळतो. दोन पाय टबाबाहेर, दोन आत. बाहेर बसायचं, एकेक पाय उचलून आत घ्यायचा, आणि बसल्या बसल्या सरकायचं. कठडा तोच, पण तो उभ्याने ओलांडायचा नाही. कमरेखाली संवेदना नसलेल्यांनाही हा बाक कामाला येतो. मात्र त्यांना आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना दुसरा धोका, कढत पाण्याचा. साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, आणि बधिर पायाला ते कळतही नाही. पाणी कोपराने किंवा दुसऱ्या कुणी तपासावं. गिझरचा काटा पन्नासच्या आतच ठेवावा.

चाकाच्या खुर्चीवर असलेल्यांना वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, असं केंद्राच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मावळातल्या बहुतेक घरांत तेवढ्यात आख्खी मोरी आणि वर पाण्याचं पिंप बसतं.

आता पैसा. माझं खरं गाऱ्हाणं इथे आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ ला सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना पंधरा हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची मिळते. नंतर यादीत कमोडची खुर्चीही आली. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, आणि एकदाच तीन हजार रुपये थेट खात्यात. वस्तू घेऊन पावती द्यायची. कमोडची खुर्ची यातही आहे. ती आंघोळीलाही चालते, मधलं भांडं काढलं की झालं. गावात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते ग्रामसभेत उभं राहून मागावे लागतात, आणि हातात किमान चाळीस टक्क्यांचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मध्यमवर्गीयाला त्याच प्रमाणपत्रावर, जुनी करप्रणाली घेतली तर, ७५ हजारांची वजावट मिळते. दिव्यांगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची. आरोग्यविम्याकडे मात्र जाऊ नये. कमोड आणि चालण्याची साधनं न देण्याच्या यादीतच असतात.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. हातात धरायची वस्तू मिळते, भिंतीत बसवायची मिळत नाही. काठी मिळते, दांडा नाही. खुर्ची मिळते, पण ती आत न्यायला आड येणारा उंबरा फोडायला दमडी नाही. शौचालयासाठी स्वच्छ भारतमधून १२ हजार मिळाले. मोरीचं नाव कुठल्याच अर्जावर नाही.

जपानने हे उलट केलं. तिथे एप्रिल २००० पासून शुश्रूषा विमा आहे. दांडे बसवणं, उंबरे काढणं, निसरडी फरशी बदलणं, सरकतं दार लावणं, एवढ्यासाठी माणशी दोन लाख येनपर्यंतचं काम त्यात बसतं आणि बहुतेक खर्च विमा उचलतो. जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्याकडे तिघांची तुकडी, त्यात एक नर्स, टब गाडीत घालून घरी येते, पलंगाशेजारी तो मांडते, आंघोळ घालते आणि टब घेऊन जाते. इंग्लंडमध्ये घरातल्या अशा बदलांना तीस हजार पौंडांपर्यंत अनुदान आहे. आणि जिथून तो व्हिडिओ आला त्या अमेरिकेत सरकारी मेडिकेअर दाराच्या टबाचे पैसे देत नाही.

मावळाला हे परकं नसावं. भाज्याच्या लेण्यात पाण्याच्या टाक्यावर लेख आहे, की ही पोढी, म्हणजे टाकं, महारठी विण्हुदत्त याने दान दिली. दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याची सोय खडकात कायमची खोदून देण्याला दान म्हणत होते. काठी वाटून फोटो काढणं त्यामानाने सोपं.

आत्याच्या न्हाणीघरात शेवटी टब निघाला. दोन हमालांनी तो जिन्यावरून उतरवला आणि आता तो अंगणात आहे. उंबरा फोडून तिथे फरशीला उतार दिला आणि दाराशी पाणी अडवायला जाळी. खरबरीत फरशी, दोन दांडे, रबरी बुटांची ॲल्युमिनियमची खुर्ची, लांब नळीचा हँड शॉवर. मजुरीसकट सगळं मिळून त्या व्हॉट्सअपवरच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शातही बसलं. आत्याचं उत्पन्न कागदोपत्री मुलाच्या उत्पन्नात धरलं गेलं, त्यामुळे सरकारकडून काही मिळालं नाही.

गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे तिला उटणं लावून खुर्चीवर बसवलं. सुनेने हँड शॉवर सुरू करून हातात दिला. आत्याने तो एकदा उलटसुलट पाहिला, आणि परत दिला.

"ह्यानं पाणी नुसतं शिंपडतंय गं. माझा तांब्या कुठंय?"

तांब्या आला. बादली मात्र खाली, आणि खुर्ची उंच. वाकावं लागत होतं. मग आतेभावाने बाहेर जाऊन एक चौरंग आणला आणि बादली त्याच्यावर ठेवली.