रोज्यातला केक

शीरखुर्म्याची जागा कुणी घेऊ शकत नाही. पण हल्ली ईदच्या दस्तरखानावर घरचा चॉकलेट केकही असतो आणि तो भाजला जातो आदल्या दिवशी, रोजा असताना. चाखायची सोय नाही. बिर्याणीत मीठ सवयीने पडतं. केकला मापच लागतं.

दीड कप मैदा, एक कप साखर, पाव कप कोको, चमचाभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ. त्यात एक कप पाणी, पाव कपाहून थोडं जास्त तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर. इसेन्स अल्कोहोलविरहित बघून घ्यावा. अंडं नाही, कारण ईदचं ताट शेजारच्या शाकाहारी काकूंकडेही जातं. वेगळा केक करून पाठवण्यापेक्षा सगळ्यांना एकच बरा.

व्हिनेगर पडताच सोडा फसफसतो, त्यामुळे मिश्रण ठेवून देऊ नये. दोन डब्यांत ओतून लगेच १८० अंशांवर, साधारण पंचवीस मिनिटं. सुई कोरडी निघाली की झालं.

थर पूर्ण गार झाल्यावरच मध्ये आणि वर चॉकलेट लावायचं. लोण्याचं फ्रॉस्टिंग उन्हाळ्यात ओघळतं. गरम क्रीममध्ये दुप्पट वजनाचं चॉकलेट विरघळवून गार केलेलं टिकतं. हे काम मात्र इफ्तारनंतरच करावं. भांडं चाटायची सवय असलेल्यांनी तर नक्कीच.