फुटाला अर्धा इंच

सकाळी ६

आमच्या बेळगावच्या वडगावात, घरापासून दोन दारं सोडून पॉवरलूम आहे. तो एकदा सुरू झाला की भिंत थरथरते आणि भिंतीला टेकलेलं टेबलही. म्हणून टेबल वीतभर पुढं ओढून घेतलंय, पायांखाली मोटारसायकलच्या ट्यूबचे तुकडे घातलेत आणि बारीक कुंचल्याचं काम मी माग सुरू व्हायच्या आत उरकतो. सोमवार ते शनिवार उद्यमबागेत फाउंड्रीसाठी ओतकामाचे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करायचे आणि रविवारी मोटारींची मॉडेलं, असा माझा आठवडा. आज रविवार.

टेबलावर प्रीमियर पद्मिनी आहे, १:२४ मापाची. सागवानाचा ठोकळा कोरून आधी आकार केला, त्यावर गरम केलेला प्लॅस्टिकचा पत्रा घरच्या व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून बसवला. तो सोलून काढला की पातळ कवच हाती येतं, तीच गाडीची बॉडी. काल तिला राखाडी प्रायमर मारला. आता दिवा टेबलालगत खाली धरून उजेड तिरपा सोडला, तर उजव्या मडगार्डवर हलकी लाट दिसली. डोळे मिटून अंगठा फिरवला. लाट आहेच. पॅटर्नच्या धंद्यात डोळ्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवायला शिकवतात. ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायला घेतला.

सकाळी ७.३०

चहा, 'तरुण भारत', आणि पिशवी भरणं. टेप, ओळंबा, स्पिरिट लेव्हल, एक सरळ अॅल्युमिनियमची पट्टी, पुठ्ठ्याचे तुकडे, वही.

सकाळी ८.३०

येळ्ळूर रोडला एका घराच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये खरी पद्मिनी उभी आहे. फिकट आकाशी, केए-२२ पासिंगची. मालक आता नाहीत. घरच्या काकींनी ताडपत्री काढून ठेवली होती.

"या की. भंगारवाला परत येऊन गेला बघा."

"देऊ नकासा काकी. अजून मागची मापं परत तपासायची हायत."

"तुमी मापं घेऊन काय करणार म्हणे?"

"हिच्यासारखीच ल्हान करूलालोय. झाली की आणून दावतो."

छपराची गोलाई टेपनं मिळत नाही. पट्टी छपरावर आडवी धरायची, लेव्हलनं सपाट करायची आणि दर १०० मिलिमीटरला पट्टीपासून पत्र्यापर्यंतचं अंतर वहीत मांडायचं. मागच्या काचेपासून डिकीपर्यंतचा उतार, आणि डिकीच्या दोन्ही बाजूंना वर आलेले ते छोटे पंख, हे पद्मिनीचं सगळ्यात चुकणारं ठिकाण. बाजारातल्या बहुतेक खेळण्यांत पंख एक तर गायब असतात, नाही तर अमेरिकन गाडीसारखे उंच. प्रत्यक्षात ते अगदी विनयानं वर येतात. पुठ्ठा कापत कापत त्या वळणाला तंतोतंत बसवला आणि त्यावर तारीख घातली.

फोटो मात्र लांबून. शेडच्या बाहेर जाऊन, जमेल तेवढं मागं सरून, झूम करून. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत गाडीचं नाक फुगतं, मागचा भाग आखडतो, आणि त्यावरून केलेलं मॉडेलही तसंच होतं.

ह्या गाडीविषयी मला जो जिव्हाळा आहे त्याला कारण आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागल्या. पहिली पिढी आपल्याकडं 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली जाते. पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, उलटी उघडणारी. १९६४ ला ११०० डिलाइट आली, १९७४ च्या सुमारास तिचंच नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. मुंबईत तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी संपली. अॅम्बेसिडर त्याआधीच, मे २०१४ मध्ये, उत्तरपाड्याला बनायची थांबली होती. एका पिढीनं लग्नाच्या वराती, बाळंतिणी, परीक्षेला जाणारी पोरं ह्या दोन गाड्यांतून नेली. आज त्यांचं अचूक, मापातलं मॉडेल घ्यायला गेलात तर फेरारीची दहा मिळतील तेव्हा एक पद्मिनी दिसेल, आणि तीही बहुधा टॅक्सीच्या रंगात.

सकाळी ११.३०

घरी येऊन भागाकार. पद्मिनीच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत २३४० मिलिमीटर. भागिले २४, म्हणजे ९७.५. अॅम्बेसिडरचं २४६४, म्हणजे १०२.७. चाकाची रिम १४ इंची, मॉडेलवर १४.८ मिलिमीटर. ही तीन-चार मापं चुकली तर पुढं कितीही नक्षी करा, गाडी परकी दिसते.

१:२४ हे माप आलं इंच-फुटातून. एका फुटाला अर्धा इंच. लहान डायकास्ट गाड्यांचं १:४३ आलं खेळण्यातल्या रेल्वेतून, तिथं फुटाला ७ मिलिमीटर धरतात. आम्हा पॅटर्नवाल्यांना असल्या पट्ट्या नव्या नाहीत. बीड ओतलं की थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक अष्टमांश इंच. पोलाद त्याच्या दुप्पट. म्हणून आमची पट्टीच मुळात तेवढी लांब आखलेली असते. खोटी पट्टी वापरून खरं माप मिळवायचं, हे आमचं रोजचं काम. बेळगावात हे काम जुनं आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये ह्याच गावात सायकलचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर इथंच झाले, मग १९१० मध्ये ते कुंडल रोडला गेले. आज उद्यमबागेत ओतकाम आणि लेथ शिकलेले हात गल्लोगल्ली आहेत. मोटारीचं मॉडेल करायला लागतं ते कौशल्य आपल्याकडं आधीपासून आहे, परदेशातून मागवावं लागत नाही.

किट आणून जोडणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीचं किट उघडून बघा. एकेक भाग असा बसतो की हात जोडावेत. पण ती अचूकता आली कुठून? १९७० च्या दशकात पोर्शे ९३४ चं १:१२ मॉडेल करायचं ठरलं तेव्हा कंपनीनं खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि पार सुटी करून पाहिली. आपल्या गाड्यांसाठी असं कोणी केलेलं मला दिसत नाही. मग ते आपणच करायला हवं, आणि काकींच्या शेडमध्ये ते करता येतं.

दुपारी १

भाकरी, मटकीची उसळ, दही.

दुपारी १.३०

मार्गशीर्षातली दुपार हा बेळगावात रंग मारायचा मुहूर्त. हवा कोरडी, ऊन बेताचं. आषाढ-श्रावणात मी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाला हातच लावत नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढरट झाक येते. आमच्या पावसात तर ती यायचीच.

रंग ऑटोमोबाइल पेंटच्या दुकानातला, काकींच्या गाडीच्या डिकीच्या आतल्या बाजूशी जुळवून आणलेला. बाहेरचा पत्रा उन्हानं फिका होतो, मूळ रंग डिकीच्या आत, रबराच्या खाली सापडतो. एअरब्रशचा दाब २० पीएसआयच्या आसपास, रंग दुधाइतका पातळ. पहिला हात नुसता धुक्यासारखा, दहा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा.

इथं माझं मत ठाम आहे, आणि त्यावरून मित्रांशी माझा वादही होतो. मॉडेलला आरशासारखी चकाकी आणायची सध्या फार हौस आहे. जाड क्लिअर कोट मारतात, बॉडी काचेच्या गोळीसारखी लकाकते. पण खऱ्या गाडीवर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर धरा; चोविसाव्या हिश्शानं तो ०.००४ झाला. माझा थर मी कितीही पातळ मारला तरी ०.०५ च्या खाली जात नाही, म्हणजे खऱ्या गाडीवर १.२ मिलिमीटर. त्यावर आणखी क्लिअर चढवला की दारांच्या फटी बुजतात, छपराची पन्हळ बोथट होते, गाडी वितळल्यासारखी दिसते. मेटॅलिक रंगाचंही तेच. त्यातला चमकीचा कण काही लहान होत नाही, मॉडेलवर तो खडीसारखा दिसतो. त्या काळच्या पद्मिनीला साधे, सपाट रंग होते. तीन पातळ हात, २००० नंबरच्या पेपरचा हलका फेर, थोडं पॉलिश, आणि थांबायचं.

उघडणाऱ्या दारांबद्दलही माझं असंच मत आहे. खऱ्या दाराची फट पाचेक मिलिमीटर, मॉडेलवर ०.२. बिजागरीवर फिरणारं दार त्या फटीत बसवणं जवळजवळ अशक्य. मग फट रुंद होते, आणि बाजूनं बघताना डोळा तिथंच अडकतो. दार बंद असू द्या, पण रेघ बारीक असू द्या.

दुपारी ४

रंग वाळेपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही. गल्लीतली पोरं बरोबर ह्याच वेळेला येतात.

"काका, हिची दारं उघडत्यात काय?"

"न्हाई रे."

"रिमोट?"

"न्हाई."

"मग काय करती?"

"उभी ऱ्हाती. बघ की, तुझ्या आज्ज्याची गाडी वाटती का न्हाई?"

ह्याच पोरांनी दिवाळीत गल्लीच्या तोंडाला राजहंसगड केला होता. तट, बुरूज, पायऱ्या, सगळं माती-दगडाचं. त्यासाठी ती येळ्ळूरला गडावर जाऊन फोटो काढून आली. बेळगावात दिवाळीचे किल्ले किती मन लावून करतात हे इथं आल्याशिवाय कळायचं नाही. प्रत्यक्ष जागा बघायची, मापात लहान करायची, चार लोकांपुढं मांडायची: मॉडेल करणाऱ्याला जे लागतं ते ह्या पोरांना आधीच येतं.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागानं १९३० ते १९६८ पर्यंत मुलांसाठी अशाच मापातल्या मॉडेलांची स्पर्धा चालवली. सुरुवातीला नेपोलियनच्या काळातली घोडागाडी करायची असे, पुढं १:१२ मापाची स्वतः कल्पिलेली मोटार. जिंकणाऱ्यांना शिष्यवृत्ती. त्यातली कित्येक मुलं पुढं मोटारींची डिझायनर झाली. आपल्या मंडळांनी दिवाळीच्या किल्ल्यांना बक्षिसं देताना एखादं बक्षीस मापातल्या वाहनाला ठेवावं, असं मला फार वाटतं. लालपरी करू देत, उसाचा ट्रक करू देत. पुण्यात भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोक बघतात. तिथं उभं राहिलेलं पोर आगगाडीकडं पुन्हा पूर्वीसारखं बघत नाही. आपल्या रस्त्यांवरच्या मोटारींसाठीही अशी एक खोली कुठंतरी व्हायला हवी.

एका मुलाला पॉलिश पेपर आणि पद्मिनीचं जुनं, टाकून दिलेलं कवच दिलं. घासत बसलाय.

संध्याकाळी ६

क्रोम. बंपर, काचांच्या कडा, बॉनेटच्या मधली रेघ. चंदेरी रंग मला पटत नाही, तो अॅल्युमिनियमच्या भांड्यासारखा राखाडी दिसतो. एसीवाल्यांकडं मिळणारी चिकट अॅल्युमिनियम पट्टी मोठ्या भागाला चालते, पण काचेच्या कडेला ती जाड पडते. तिथं मॉडेलसाठीच निघणारं तलम चिकट फॉइल लागतं. ते मागवावं लागतं, महाग पडतं, आणि तरी घ्यावं. कडेवर ठेवायचं, कापसानं दाबायचं, नव्या ब्लेडनं एका दमात कापायचं. ब्लेड जुनं असेल तर फॉइल फाटतं. पुढच्या दारातली तिकोनी काच, जी फिरवली की वारा आत यायचा, तिची कड हे आजचं सगळ्यात अवघड काम. डाव्या बाजूची झाली. उजवी पुढच्या रविवारी.

रात्री ८.३०

उद्यमबागेतला एक मित्र रिमा देऊन गेला. अॅल्युमिनियमच्या सळईतून लेथवर काढलेल्या चार आणि स्टेपनीची एक. मायक्रोमीटर लावला, १४.८. बॉडी चाकांवर ठेवून डोळा टेबलाच्या पातळीला आणला. मागची बाजू केसभर उंच वाटली. पद्मिनी रिकामी असताना किंचित मागं बसल्यासारखी उभी असते, म्हणून मागच्या धुऱ्यावरचा तुकडा पाव मिलिमीटर घासला. आता ती बरोबर उभी राहिली. चाकांची जागा आणि गाडीची बैठक जमली की निम्मं काम झालं. बाकीचे तपशील त्यानंतर.

मित्राचं म्हणणं, थ्रीडी प्रिंटर घेऊ या, एवढं कशाला कोरत बसायचं. घ्यावा, मी विरोधात नाही. आरसे, दाराच्या मुठी, बंपरवरची दोन शिंगं त्यावर सुरेख निघतील. पण प्रिंटरला द्यायची आकृती कोणीतरी खऱ्या गाडीवरूनच काढायला लागते. इंटरनेटवरच्या अंदाजी आकृत्या छापत राहिलो तर पंख पुन्हा उंच होणार. काकींच्या शेडमधली वही आधी, यंत्र नंतर.

म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूर, जिथं जिथं हे वाचलं जाईल तिथल्या लोकांना माझं एक सांगणं आहे. तुमच्या शेडमध्ये, गोठ्यामागं, गॅरेजच्या कोपऱ्यात पद्मिनी असेल, अॅम्बेसिडर असेल, बजाज टेम्पोची तीनचाकी हॅन्सीट किंवा मॅटाडोर असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक सकाळ तिला द्या. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून, लांब उभं राहून फोटो काढा. लांबी, रुंदी, उंची, दारांची रुंदी, काचांची उंची टेपनं घेऊन वहीत लिहा. डिकीच्या आतला मूळ रंग टिपून ठेवा. आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोनदा मोजा. वेळ कमी असेल तर बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हे माप मात्र घ्याच.