टोपीखालचं टक्कल

घाटनांदूरच्या स्टेशनात परळीकडून लातूर रोडला जाणारी गाडी थांबली की उतरणाऱ्या पुरुषांच्या डोक्यांकडे जरा बघावं. सत्तरीचे आबा पांढऱ्या टोपीत नाहीतर पटक्यात, पन्नाशीचा मुलगा बोडका आणि विशीचा नातू कसल्याशा कंपनीचं नाव छापलेली कॅप उलटी घालून. या तिघांत टक्कल कोणाला, हे टोपीवरून ओळखायला गेलात तर फसाल. तरी अंबाजोगाई तालुक्यातल्या कुठल्याही कटिंगच्या दुकानात बसा, ‘टोपी घालून घालून आबांचे केस गेले’ हे कानावर पडतंच. नातवानं त्यातून आपला अर्थ काढलेला असतो. त्याचं हेल्मेट गाडीच्या आरशाला लटकतं, कारण ‘हेल्मेटनं केस गळतात’.

या समजामागचा तर्क असा, की झाकलेल्या केसांना हवा लागत नाही, मुळं गुदमरतात आणि केस जातात. पण डोक्यावर दिसणारा केस हा निर्जीव धागा आहे, त्याला श्वास लागत नाही. जिवंत असतं ते कातडीखालचं मूळ आणि त्याला प्राणवायू मिळतो रक्तातून, वरच्या वाऱ्यातून नाही. रक्त अडेल इतकी घट्ट टोपी घातली तर केसांच्या आधी डोकं दुखेल आणि माणूस ती काढून फेकेल.

पुरुषांचं नेहमीचं टक्कल पडतं ते वेगळ्याच कारणानं. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, तयार होतं. ज्यांच्या जनुकांत तशी प्रवृत्ती असते त्यांची कपाळावरची आणि टाळूवरची केसांची मुळं या डीएचटीपुढे हळूहळू आकसतात. केस दर फेरीला अधिक बारीक आणि अधिक आखूड उगवतो, शेवटी नुसती लव उरते. कानांच्या वरचे आणि मानेकडचे केस या रसायनाला दाद देत नाहीत, म्हणून ती झालर म्हातारपणीही टिकून राहते.

आता आबांची टोपी हातात घेऊन बघा. गांधी टोपीची पट्टी डोक्याला घट्ट बसते ती कपाळावर, कानशिलांच्या वर आणि मागे. वर ती होडीसारखी उभी असते, आत पोकळी असते आणि टाळूला कापड जेमतेम टेकतं. टोपी दोषी असती तर टक्कल पट्टीच्या रेषेत, डोक्याभोवती कड्यासारखं पडलं असतं आणि टाळूवर केसांचं बेट उरलं असतं. घडतं बरोबर उलटं. जिथे टोपी दाबते तिथली झालर शाबूत आणि जिथे ती धड टेकतही नाही तिथे चकचकीत मैदान.

दुसरा पुरावा त्याच घरात, चुलीजवळ बसलेला असतो. आबांच्या टोपीइतकीच वर्षं आजीच्या डोक्यावर पदर आहे. वयानं तिचे केस विरळ होतील, पण आबांसारखं टक्कल तिला पडत नाही. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं 1942 मध्येच दाखवून दिलं होतं, की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण निकामी झाले त्यांना असं टक्कल पडत नाही. अशा माणसांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर मात्र, घराण्यात टक्कल असेल तर, केस मागे हटू लागतात.

मग टोपीवर आळ का येतो? कारण दोन्ही गोष्टी एकाच वयात डोक्यावर येतात. गावाकडे माणूस पोक्त झाला, घरचा कर्ता झाला की टोपी धरायचा आणि केस मागे हटायलाही तोच काळ. शिवाय विरळ झालेले केस झाकायला कॅप चढवणारे असतातच. बघणाऱ्याला आधी टोपी दिसते, टक्कल पुढे कधीतरी ती काढल्यावर दिसतं आणि क्रम उलटा लावला जातो. 2013 मध्ये अमेरिकेत एकसारख्या जुळ्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही भावांची जनुकं सारखीच, त्यामुळे बाहेरच्या सवयींचा हिशेब स्वच्छ लागतो. त्यात रोज टोपी घालणाऱ्यांची कानशिलांजवळची केसगळती उलट थोडी कमी आढळली. याचा अर्थ टोपीनं केस येतात असा लावू नये, फरक अगदी काठावरचा होता. त्याच अभ्यासात केसगळतीच्या उत्पादनांवर जास्त पैसे घालवणाऱ्यांचे केस अधिक गेलेले दिसले. तेलामुळे केस गेले की केस गेल्यामुळे तेल आणलं, हे ज्याचं त्यानं ओळखावं.

याच्या उलट बाजूचाही एक गैरसमज आहे. टोपी मुळात टक्कल झाकायलाच आली, असं शहरातल्या पोरांना वाटतं. आपल्याकडचा इतिहास तसं सांगत नाही. पागोट्या-पगड्यांच्या काळात हिंदू पुरुष शेंडी राखून बाकीचं डोकं वस्तऱ्यानं साफ करायचे. सगळ्यांचीच डोकी तुळतुळीत असताना टक्कल लपवायचं कोणापासून? पागोट्यावरून माणसाची जात, गाव, हुद्दा कळायचा, केस किती आहेत हे नाही. पुढे इंग्रजी पद्धतीनं केस कापणं रूढ झालं आणि त्या वाढलेल्या केसांवर टोपी बसली. 1920 नंतर खादीची पांढरी टोपी देशभर पसरली. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ इथूनच जवळ अंबाजोगाईच्या शाळेत शिकवायचे आणि त्या काळात ती टोपी घालून हिंडणं ही राजकीय भूमिका होती. गंमत अशी, की ज्यांच्या नावानं ही टोपी ओळखली जाते त्या गांधीजींनीच 1921 मध्ये मदुराईला नुसता पंचा स्वीकारला आणि पुढच्या बहुतेक छायाचित्रांत त्यांचं टक्कल उघडंच आहे. दाट केसांचे अनुयायी टोपीत आणि टकलाचे बापू बोडके. त्यानंतरच्या पिढ्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरंही पांढरी टोपी घालूनच वर्गात बसायची, त्यांच्या डोक्यात तर केसांचं रान असायचं. लग्नात पाहुण्याला टॉवेल-टोपीचा आहेर करताना त्याचे केस आजही कोणी मोजत नाही.

‘गोटा केला की केस दाट येतात’ हेही टोपीच्या बरोबरीनं चालतं. बाळाचं जावळ काढल्यावर, तिरुपतीहून आल्यावर किंवा बापाच्या दहाव्याला डोकं भादरल्यावर महिन्याभरानं हात फिरवला तर केस जाड लागतात खरे. वस्तरा केस कातडीलगत आडवा कापतो, त्यामुळे निमुळतं टोक जातं आणि बोथट बुंधा हाताला लागतो, एवढंच. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच दाढीवर प्रयोग करून दाखवलं, की वस्तऱ्यानं केसाची जाडी वाढत नाही, वेगही वाढत नाही. मुळांची संख्या तर जन्माआधीच ठरलेली असते.

मामाला टक्कल म्हणून भाच्याला, हे अर्धं खरं आहे. टेस्टोस्टेरॉनशी संबंधित एक महत्त्वाचं जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर आहे. पण 2017 मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे 52,000 पुरुषांच्या तपासणीत टक्कलाशी जोडलेल्या 287 जागा सापडल्या आणि त्यातल्या बहुतेक बाकीच्या गुणसूत्रांवर होत्या. तेव्हा बापाच्या डोक्याकडेही बघावं लागतं.

आता हेल्मेट, कारण इथे गैरसमजाची किंमत जिवानं मोजावी लागते. हेल्मेटमध्ये घाम येतो, आतलं अस्तर कळकट होतं, कोंडा असेल तर खाज वाढते. कोंड्यामागे मॅलेसेझिया नावाची, प्रत्येकाच्या कातडीवर असणारी बुरशी असते आणि तेलकट, ओलसर जागा तिला मानवते. हेल्मेट काढताना अस्तरावर चार केस दिसले की पोरगा घाबरतो. पण माणसाचे रोज 50 ते 100 केस गळतातच, एरवी ते मोरीत वाहून जातात म्हणून दिसत नाहीत. आत पातळ सुती रुमाल बांधावा, अस्तर निघत असेल तर धुवावं, संपलं. हेल्मेटमुळे अपघातात मरण्याची शक्यता सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याची 69 टक्क्यांनी कमी होते, हा अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आहे. अंबाजोगाई रस्त्यावर ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून जाणाऱ्यानं केसांच्या नावाखाली डोकं उघडं ठेवणं मला तरी समजत नाही.

उन्हाचंही तसंच. टक्कल पडू नये म्हणून टोपी सोडतात आणि ज्यांना टक्कल आहे त्यांनाच ती सगळ्यात जास्त लागते. 2023 मध्ये शास्त्रज्ञांनी तापवलेल्या पुतळ्याला माणसांच्या केसांचे टोप घालून मोजलं, तेव्हा केसांमुळे डोक्याला लागणारी उन्हाची उष्णता बरीच कमी होते असं दिसलं, कुरळ्या केसांनी तर सर्वांत जास्त. ही सावली गेली की बीडच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना, ऊन थेट टाळूवर उतरतं. मात्र गांधी टोपी कान आणि मान झाकत नाही. शेतात दिवसभर राबणाऱ्याला म्हाताऱ्यांचा पटका किंवा डोक्याला गुंडाळलेली दस्ती जास्त कामाची, पाण्यात भिजवली तर आणखीच. थंडीतल्या कानटोपीबद्दल ‘अंगातली निम्मी ऊब डोक्यातून जाते’ असं सांगतात तेही अतिशयोक्त आहे. मोठ्या माणसाचं डोकं अंगाच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा भाग असतं आणि ऊबही साधारण त्याच प्रमाणात जाते.

टोपी पूर्ण निर्दोष आहे असं मात्र नाही. डोक्यावरचं गजकर्ण, विशेषतः लहान पोरांत, एकमेकांच्या टोप्या, कंगवे, टॉवेल वापरल्यानं पसरतं आणि उवाही कधीमधी त्याच रस्त्यानं जातात. लग्नाच्या वरातीत भाड्याचे तयार फेटे एका डोक्यावरून दुसऱ्यावर जातात, त्याआधी आत स्वतःचा रुमाल घालायला कोणी हसणार नाही. केस मुळापासून ताणले गेले तर मात्र ते खरंच जातात. केस घट्ट ओढून जुडा बांधणाऱ्या शीख पुरुषांत कपाळाच्या कडेला असं टक्कल नोंदवलं गेलं आहे. आपल्या आखूड केसांवर बांधलेला फेटा मुळांना ओढत नाही.

सगळेच केस टक्कलाच्या वाटेनं जात नाहीत, हे बुलढाण्यानं दाखवलं. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत काही दिवसांतच लोकांच्या हातात केसांचे पुंजके येऊ लागले. त्यात बाया होत्या, पोरंसोरंही होती. पाणी, शॅम्पू, बुरशी सगळ्यांवर संशय गेला, दिल्लीहून आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्त-लघवीत आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त आढळल्याचं सांगितलं. पुढे अनेकांचे केस परत उगवले. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी केसगळतीही अशीच असते, बहुतेकदा आपोआप थांबते. ‘चाई’ म्हणजे नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा, तो आणखी वेगळा. तिथे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मुळांवर उलटलेली असते. गावाकडे त्यावर कांदा चोळतात. बऱ्याच चाया आपल्याआपण भरतात आणि श्रेय कांद्याला जातं.

नेहमीच्या टक्कलावर सिद्ध झालेली औषधं मोजकी आहेत. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध, ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले आणि 1988 मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावायला मंजूर झालं. फिनास्टेराइडची गोळी 1997 मध्ये आली, ती डीएचटी कमी करते. दोन्ही थांबवली की फायदा काही महिन्यांत ओसरतो आणि गोळीचे दुष्परिणाम डॉक्टरांशी बोलूनच तोलावे लागतात. घाटनांदूरकरांना त्यासाठी पुण्याच्या जाहिरातीमागे धावायला नको, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. गोल चट्टा, खपल्या, पू, दुखणारी टाळू किंवा मुठीनं गळणारे केस यातलं काही असेल तर त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवावं. जाताना नेहमी वापरता ती टोपी सोबत असू द्या आणि तपासणीच्या वेळी ती काढून ठेवा. घरात आणखी कोणाला तसलाच चट्टा आहे का, हे डॉक्टर विचारतील, ते निघण्यापूर्वीच घरच्यांची डोकी बघून ठेवा.